डावीकडचा कागद

मुरबाडहून छापून आणलेले दोन कागद पंकजने बाजेवर शेजारी शेजारी ठेवले. मासिकाचं तेच पान, तोच मजकूर, फक्त अक्षरांचं वळण किंचित वेगळं. पुण्याच्या संपादकांना आज एक वळण नक्की करून कळवायचं होतं आणि स्क्रीनवर बघून बघून त्याचं डोकं चालेनासं झालं होतं. विचारायचं तरी कोणाला? वैशाखरे गावात त्याचं पानं मांडायचं काम कळणारं कोणी नव्हतं.

"बाबा, यातलं कुठलं वाचायला बरं वाटतं?"

महादूने मुलाच्या कामाबद्दल आजवर एकदाच विचारलं होतं, दिवसभर घरात बसून पगार कसला देतात म्हणून. आई गेल्यापासून तर बापलेकांचं बोलणं भात वाढू का, इथवरच येऊन थांबलं होतं.

आज मात्र त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. ओळींखालून बोट फिरवत दोन्ही पानं मोठ्याने वाचली.

"ह्यो," डाव्या कागदावर बोट ठेवून तो म्हणाला. "ह्याच्यात अक्षरं सुटी हायत. त्या दुसऱ्यात लय दाटी. डोल्यांना तरास होतो."

पंकज वाकून बघू लागला. खरंच की! मित्रांना दाखवावं तर ते 'दोन्ही सारखेच' म्हणून मोकळे होत, आणि बाबांना फरक दिसला होता. त्याला भरून आलं.

फोटो पाठवायला तो दोन्ही कागद घेऊन खिडकीशी गेला. उजेडात एक कागद दुसऱ्यावर आला आणि ओळीवर ओळ तंतोतंत बसली. वळण वेगळं असतं तर असं झालंच नसतं. दुकानदाराने एकाच फाइलच्या दोन प्रती काढून दिल्या होत्या.

म्हणजे बाबांना काहीच दिसलं नव्हतं. त्यालाही नाही. पंकजला एकदम फार एकटं वाटलं.

"का रे, चुकला का माझा?" महादूने मागून विचारलं.

"नाय बाबा. बरोबर आहे."

"मग तोच घे." महादू बाजेवर जरा सरकला आणि शेजारी जागा केली. "अजून असतील तर आन. मला तरी कोन काय इचारतंय?"