‘मृत’ सदस्य
तपासणीत एकही पुस्तक थकीत निघालं नाही, तर ग्रंथपालबाईंना बढती मिळणार होती. संगणक मात्र हट्टाला पेटला होता. एका आजोबांनी परत केलेलं, कपाटात विसावलेलं पुस्तक तो त्यांच्याच नावावर दाखवत होता. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “सदस्य ‘मृत’ दाखवा, खातं साफ!” बाईंनी उरकलं. दुसऱ्या दिवशी तपासनीस समोर बसलेले असतानाच आजोबा आले. सून घराला कुलूप लावून कामावर जाई, म्हणून ते रोज दिवसभर इथेच वाचत बसत. कार्ड लावताच पडद्यावर ‘मृत’ उमटलं. “बाई, मी गेलो म्हणे!” आजोबा हसले. खरं सांगितलं, तर बढती हातची जाणार. बाईंनी आवाज चढवला, “मेलेल्या माणसाचं कार्ड वापरता? लाज नाही वाटत?” तपासनीसांनी बाईंची दक्षता टिपून घेतली. बाईंना बढती मिळाली, आणि आजोबांना रोज संध्याकाळपर्यंत बाहेरची पायरी.