अप्पारावांच्या पेशी

"अप्पाराव आहेत का घरी?" दारातल्या बाईंनी विचारलं.

अप्पारावांच्या मुलानं, अतुलनं, त्यांना ओळखलं. जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टर अंबिका. "अण्णा गेले, मॅडम. काल दहावा झाला."

बाई दारातच थबकल्या. अतुलच्या आईनं, आवडाबाईंनी, त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं.

अप्पारावांच्या शरीरात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तयार होईनात. दुसऱ्यांच्या चढवल्या तर टिकत नव्हत्या. उन्हाळ्यात डॉक्टर अंबिकांनी नवा उपाय सुचवला होता. अप्पारावांच्याच रक्तातल्या पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यापासून कुठल्याही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी करायच्या आणि त्यांतून प्लेटलेट वाढवायच्या. स्वतःच्याच म्हटल्यावर शरीर त्यांना परकं मानणार नाही. पण अजून चाचण्या चालू होत्या. अतुल तिथंच भडकला. "माझ्या बापावर प्रयोग करायचे नाय," म्हणाला आणि त्यानं दवाखानाच बदलला. पोरापुढं अप्पारावांचं काही चालत नसे.

"नंतर ते एकटेच आले होते," डॉक्टर म्हणाल्या. "मुकुंदवाडीहून रिक्षा करून. रक्त देऊन गेले. म्हणाले, तयार झालं की सांगा, मग मी पोराला समजावतो. आत्ताच घरात भांडण नको."

अतुलनं आईकडं पाहिलं.

"मला ठावं होतं," आवडाबाई म्हणाल्या. "पण त्यांनी शपथ घातली होती. पुढं काही कळलं नाय. मला वाटलं, जमलं नसंल."

"जमलं," डॉक्टर म्हणाल्या. "प्लेटलेट तयार झाल्या. अगदी हव्या तशा."

"कधी?" अतुलनं विचारलं.

"दिवाळीच्या पाडव्याला."

पाडव्याला अप्पाराव दुसऱ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते. आतून रक्तस्राव थांबत नव्हता. पण शुद्ध होती. अतुलचा हात धरून ते घरी न्यायला सांगत होते.

"मग सांगितलं का नाय तुम्ही?" अतुल ओरडला. "आम्ही उचलून आणलं असतं त्यांना!"

"रोज फोन करत होते मी. त्यांनी त्यांचाच नंबर दिला होता. रिंग जायची आणि कुणीतरी कापायचं. शेवटी पत्ता शोधत आज मीच आले."

अतुलनं खिशातून अण्णांचा फोन काढून आईपुढं ठेवला.

"कोण कापत होतं रे?" आवडाबाईंनी विचारलं.

"मी, आई. डॉक्टर मॅडमचं नाव दिसलं की कापायचो."