पाण्याची वेलांटी

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा पेंटर शिडीवर होता. दातांच्या दवाखान्याची पाटी रंगवत होता.

"आज पहाटे गेल्या हो त्या," वकीलबाई म्हणाल्या. "तुरुंगातच. चार दिवस ताप होता म्हणे. आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही."

पेंटरने फोन खिशात ठेवला. हातातलं अक्षर अर्धं राहिलं होतं. ते त्याने पुरं केलं आणि मग खाली उतरला.

त्याची बायको पाच वर्षं आत होती. खटला अजून उभाच राहिला नव्हता. वस्तीतल्या बायकांची पाणी समिती ती चालवायची. नळ महिनाभर कोरडे राहिले तेव्हा समितीने पंपघराच्या फाटकावर एक कापडी फलक बांधला : 'आमचं पाणी कुठे गेलं?' त्याच आठवड्यात कुणीतरी मोठी पाइपलाइन फोडली. फोडणारा सापडला नाही. फलक सापडला. दहशतवादाचा कायदा लागला. जामिनाचे चार अर्ज फेटाळले गेले. समितीच्या बायका एकेक करून येईनाशा झाल्या. पुढे पुढे तर नळाच्या साध्या तक्रारीवर सही करायलाही कुणी पुढे येईना.

तिला पकडून नेलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. आता बारा. पेंटर रोज सकाळी तिची वेणी घालायचा आणि ती आरशाकडे बघत कधीमधी म्हणायची, "आईला तो फलक लिहायची गरजच काय होती? आपण नव्हतो का तिला?"

पेंटर वेणी घालत राहायचा.

आठ दिवसांनी तुरुंगातून गाठोडं आलं. दोन कपडे, कंगवा, चष्मा आणि एक वही. वही मुलीने उघडली.

आईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिचं पत्र लावायला बापलेकींना अर्धा तास लागायचा. एकदा तिची यादी वाचून दुकानदाराने साखरेऐवजी साबण बांधून दिला होता.

वहीत पत्रं नव्हती. पानापानावर एकच ओळ होती. आमचं पाणी कुठे गेलं? आमचं पाणी कुठे गेलं? सुरुवातीला कोंबडीचे पाय. मग अक्षरं हळूहळू सरळ उभी राहिली. मग गोल झाली. शेवटच्या पानांवर तर दुकानाच्या पाटीवर असावीत तशी ठसठशीत.

मुलीने बराच वेळ पानं मागे-पुढे केली.

"बाबा, हे आईचं अक्षर नाही," ती म्हणाली. "हे तुमचं आहे."

पेंटर खाली बसला.

"फलक मी लिहिला होता," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. पोलीस ठाण्यात साहेबाने फलक टेबलावर पसरून विचारलं होतं, कुणी लिहिलं हे? पेंटर तोंड उघडणार तोच बायको म्हणाली, "मी. ह्यांना काय विचारता? ह्यांना पाट्यांपलीकडे काही सुचतं का!" साहेब हसला आणि त्याने तेच लिहून घेतलं. बाहेर नेताना ती हळूच म्हणाली होती, "पोरीजवळ एकाने राहायला हवं. तुम्हाला निदान वेणी घालता येते. मला कुठे येते?"

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत त्याने जाळीतून विचारलं होतं, "अगं, कोर्टाने लिहून दाखव म्हटलं तर?"

"शिकेन की," ती म्हणाली होती. "वेळच वेळ आहे."

कोर्टाने कधी विचारलंच नाही.

मुलीने कोपऱ्यातला बापाचा चष्मा आणून त्याच्या हातात दिला आणि वहीचं शेवटचं पान त्याच्यासमोर धरलं.

पेंटरने एकेक अक्षर तपासलं, हाताखालच्या माणसाचं काम तपासावं तसं. 'आमचं' बरोबर होतं. 'कुठे गेलं' बरोबर होतं. फक्त पाण्याची वेलांटी तो हात न उचलता, एका दमात काढायचा, तिथे तिने दर वेळी मध्येच पेन उचललं होतं.

तेवढं तिला शिकवायचं राहिलं.