पडद्यावरचा डाग

निवृत्तीनंतर सरांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. लेकीने त्यासाठी नवाकोरा लॅपटॉप दिला आणि दोन महिने घर पाय न वाजवता वावरत होतं. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला, मिक्सर सर फिरायला गेल्यावरच लावायचा असं ठरवलं. कुणी विचारलंच, तर नवऱ्याचं कौतुक सांगताना त्या थकत नसत. "बारावं प्रकरण चाललंय!"

परवा लॅपटॉप पुसताना काकूंना पडद्यावर फिकट डाग दिसला. पुसून पुसून हात दुखले, तरी तो जाईना. "राहू दे गं, माझं काही अडत नाही," असं सर शंभरदा म्हणाले. पण काकूंनी लॅपटॉपसकट त्यांना दुकानात नेलंच.

दुरुस्तीवाल्याने अख्खा पडदा राखाडी करून पाहिला.

"घाबरू नका काकू, बिघाड नाहीये. एकच पान रोज तासन्‌तास तसंच उघडं राहिलं, की त्याची पुसट छाप पडद्यावर रेंगाळते. पानं बदलत राहा, आपोआप जाईल."

काकूंनी चष्मा चढवला. वर मधोमध 'प्रकरण पहिले'. त्याखाली 'माझा जन्म'. त्याखाली काहीच नाही.

सर एकाएकी दुकानातले माऊस निरखू लागले.



घरी आल्याआल्या काकूंनी टीव्ही दणक्यात लावला आणि म्हणाल्या, "बसा लिहायला. आज निदान जन्माला तरी या!"