पन्नास मीटरांची रेघ

“रेघेची कुठली कड धरायची? आतली की बाहेरची?” सुनावणी अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

म्हातारा नकाशाकार उत्तर द्यायचं सोडून पाणी प्यायला. सकाळपासून तो त्या खुर्चीत बसला होता आणि त्याची कंबर धरली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. घरात भाजी कुठली आणायची एवढंही त्याला कोणी विचारत नसे, आणि आता सरकार विचारत होतं ते हे.

कायदा साधा होता. नकाशावरच्या लाल रेघेच्या आतलं रान आणि पाणी सगळ्यांचं. तिथे खाण खणायची नाही, कधीच नाही. कायदा करणाऱ्यांनी रेघेच्या जाडीचा विचार मात्र केला नव्हता. कागदावर ती जेमतेम एक मिलिमीटर, जमिनीवर पन्नास मीटर. नदी जिथून निघते तो झरा नेमका त्या पन्नास मीटरांत होता, आणि झऱ्याखाली तांबं. रेघेबाहेरच्या चालू खाणीतलं तांबं संपत आलं होतं.

रेघ त्यानेच मारली होती. सोबत मोजणीला गेलेले दोघे केव्हाच वारले. आता तो म्हणेल ती पूर्व दिशा.

आतली कड म्हटलं की झरा कायद्याबाहेर. मग खाण आणखी वीस वर्षं चालणार, आणि खाणीत कामाला असलेल्या जावयाची नोकरीही. बाहेरची म्हटलं की वर्षभरात खाणीला कुलूप. मुलीला सातवा महिना होता. तिचा संसार आत्ता कुठे मार्गी लागत होता.

खाणीच्या कंपनीने त्याला साक्षीला बोलावलं ते काही उगाच नव्हे. जावई महिनाभर दर रविवारी येई, खाली मान घालून जेवे आणि जाई. या विषयावर चकार शब्द काढत नसे. म्हाताऱ्याला त्याचाच जाच व्हायचा. त्याने तोंडाने मागितलं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

“आठवत नसेल तर तसं सांगा ना,” कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला. “वय झालंय तुमचं. कोणी काही म्हणणार नाही.”

खरंच आठवू नये असं त्याला फार वाटलं. तो थकला होता. पण त्याला सगळं लख्ख आठवत होतं. चिखलात गुडघाभर उतरून त्यांनी हद्दीचे दगड झऱ्याच्या पलीकडे रोवले होते. कचेरीत परत आल्यावर रेघेची बाहेरची कड त्याने त्याच दगडांवर बसवली होती.

“बाहेरची,” तो म्हणाला. “झरा आत आहे, साहेब.”

वकिलाने फाइल आपटून बंद केली.

बाहेर व्हरांड्यात जावई कंपनीच्या गणवेशात उभा होता. म्हातारा त्याच्यासमोर जाऊन थांबला. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“जावईबापू, माफ करा मला. तुमच्या पोटावर पाय दिला मी. काय करू, खोटं तोंडातून निघेचना.”

जावयाने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

“ठाऊक होतं मला, बाबा. म्हणून तर मीच कंपनीला म्हटलं, ‘सासऱ्यांना साक्षीला बोलवा, ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत.’”