पॅनकेक आणि सोडत

अग्निशमन दलाचा चीफ वेंडेल याने पत्र्याच्या बादलीतून चिठ्ठी काढली, उघडली, आणि वाचायची सोडून चष्मा पुसायला घेतला.

केलर फॉल्सच्या अग्निशमन केंद्रात सगळं गाव पॅनकेक खात होतं. दर उन्हाळ्यात केंद्राच्या मदतीसाठी ही न्याहारी असायची आणि शेवटी सोडत. इतर गावं बक्षीस म्हणून सायकल ठेवतात. इथे रायफल असायची. यंदाची बंबाच्या बॉनेटवर लाल रिबीन बांधून ठेवली होती. एका दमात तीस गोळ्या. उद्यापासून राज्यात तिच्या विक्रीवर बंदी येणार होती. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांची त्यांच्याकडेच राहणार होती. त्यामुळे यंदा तिकिटं दुप्पट खपली.

“वाच की रे वेंडेल,” ओपल आजी म्हणाली. “मी जिवंत आहे तोवर वाच.”

चिठ्ठीवर नाव होतं ड्वेन प्रूइट. हिरवी शाई, अक्षर त्याच्या बायकोचं. नोरीनने एप्रिलमध्ये ते तिकीट नवऱ्याला वाढदिवसाची भेट म्हणून घेतलं होतं.

नोरीन तव्याजवळ उभी होती. हल्ली ती केंद्राच्या माडीवरच राहायची. मध्यंतरी ड्वेनने घरातल्या सोफ्याला गोळी घातली होती, ती नेहमी बसते त्या बाजूला. ती नेमकी पॉपकॉर्न आणायला उठली होती. बंदूक त्याच्या आजोबांची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. त्याला दुसरं सापडेपर्यंत नोरीन कुंपणापलीकडे पोचली. साफ करताना उडाली, असं ड्वेनने पोलिसाला सांगितलं. सोफाही त्याचाच होता. कागदोपत्री ड्वेन स्वच्छ होता.

आत्ता तो पहिल्या टेबलाशी बसून पॅनकेक पाकात बुडवत होता. अंगात पिवळा टी-शर्ट. निम्म्या गावाच्या अंगात तोच होता, वेंडेलच्याही. बंदीच्या सुनावणीत वेंडेलने राजधानीत जाऊन जे वाक्य सुनावलं होतं, ते दलाने हौसेने टी-शर्टांच्या पाठीवर छापून घेतलं होतं: ‘कुणाच्या हातात काय द्यायचं, हे ठरवणारे तुम्ही कोण?’

वेंडेलने चष्मा घातला. नाव तेच होतं.

“वेंडेल हॉफ,” त्याने वाचलं.

लोकांनी ताटांवरून माना वर केल्या. मग हशा पिकला.

“घ्या. चीफची सोडत, चीफलाच बक्षीस,” मागून कुणीतरी म्हणालं.

“बंबही घेऊन जा बाबा,” ओपल आजी म्हणाली. “आम्ही आगी फुंकून विझवू.”

ड्वेन मात्र उठून पुढे आला.

“चिठ्ठी दाखव.”

“माझंच नाव आहे. त्यात काय बघायचंय?”

“शाई मागून दिसतेय. हिरवी आहे. हिरव्या शाईने गावात एकच बाई लिहिते, चीफ. ती तुझं तिकीट कशाला लिहील?”

वेंडेलने चिठ्ठीची बारीक घडी केली. ती आपल्या ताटातल्या पॅनकेकमध्ये गुंडाळली, वर पाक ओतला आणि सगळं तोंडात घातलं.

या वेळी कुणी हसलं नाही. नोरीनसमोर तव्यावर एक पॅनकेक काळा पडत होता.

“भूक लागली होती होय?” ड्वेन मायेने म्हणाला. त्याने कागदी रुमाल घेऊन वेंडेलच्या हनुवटीवरचा पाक पुसला. “सावकाश खा. घशात अडकेल. रायफल ठेव तुलाच. दुकान आज पाचपर्यंत उघडं आहे.”

तो दाराकडे निघाला. लोकांनी पाय आत घेऊन त्याला वाट दिली. पाठीवरचं वाक्य दारापर्यंत स्वच्छ वाचता येत होतं.

“वेंडेल,” नोरीन म्हणाली, “अडव ना त्याला.”

वेंडेलने बोलायला तोंड उघडलं. चिठ्ठी अजून गिळली गेली नव्हती.

बाहेर ट्रक सुरू झाला. फाट्यावरून उजवीकडे ड्वेनचं घर, डावीकडे बंदुकांचं दुकान. रस्त्यावर दुसरी एकही गाडी नव्हती. तरी ड्वेनने शिस्तीत इंडिकेटर दिला.

डावा.