शेवटचा रकाना

"सांगून कुणाला पटणार नाही, पण आमचं लग्न जमलं ते माझ्या विसराळूपणामुळं," दाजीनं सुरुवात केली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अंगणात पाव्हणे जमले होते. बायको सगुणा चहा देत होती. ओट्यावर तिचे वडील भिवाजी जाळं सांधत बसले होते.

"अठ्ठ्याण्णव साल. खोपटला डेपोमागं माझा कम्प्युटर क्लास. पाटीवर माझं नाव, इंग्रजीत, वीतभर अक्षरांत. सगुणा तिथं शिकायला यायची. आपल्या वधू-वर मंडळासाठी मी इंटरनेटवर फॉर्म केला. बघायला अमेरिकेतनं माणसं आलेली."

"खोपटला?" मेहुणा कान्हा म्हणाला.

"एसटीनं. तर ऐक. फॉर्मातल्या प्रत्येक रकान्याला एक नाव असतं. माझा प्रोग्राम त्या नावानं हाक मारायचा, आत लिहिलेलं उचलून आणायचा. शेवटचा रकाना, 'मनात कुणी असल्यास'. तो रिकामा आला तर काय उचलायचं? चाचणीपुरतं मी तिथं माझंच नाव घालून ठेवलेलं. काढायला विसरलो. हिनं रकाना रिकामा सोडला, प्रोग्रामनं मला नवरदेव केला. मी हिच्या बाबांची माफी मागायला गेलो, तो जेवूनच उठलो."

सगळे हसले. सगुणाही हसली, नेहमीसारखी.

रकाना रिकामा आलाच नव्हता. त्या दुपारी सगुणा आणि भिवाजी क्लासात फॉर्म भरून गेले आणि दाजीनं पडद्यावर पाहिलं, तर शेवटच्या रकान्यात त्याचं नाव टाइप केलेलं. सगुणाशिवाय कोण लिहिणार? पण पोरीनं स्वतःहून मुलाचं नाव घेतलं हे भिवाजींना कळतं, तर क्लास बंद आणि लग्नही. म्हणून त्यानं ही थाप रचली. पंचवीस वर्षं तिला झाकून घेतलं. तिलाही कधी विचारलं नाही.

भिवाजींची सुई थांबली.

"खोटं. रकाना भरलेला होता."

दाजीच्या हातातला कप तसाच राहिला. सगुणाकडं बघायचा त्याला धीर होईना.

"ही पानी प्यायला उठली, तवा मी भरला," भिवाजी म्हणाले. "मागणी मुलाकडनं यावी लागते. पोरीच्या बापानं कुठल्या तोंडानं विचारायचं? तुझ्या पाटीवरचं एकेक अक्षर बघून एका बोटानं लिवलं, जावई. धा मिनिटं लागली."